वाढलं

"कुठं आहे? काढा लवकर," डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर आपटत धीरज म्हणाला. डोक्यावरचं हेल्मेटही त्यानं काढलं नव्हतं.

काउंटरमागे लखमीचंद शेठ बसले होते. मंगरूळपीरच्या बाजारातलं हे औषधाचं दुकान त्यांनीच थाटलेलं. आता लायसन मुलाच्या, पुनीतच्या नावावर होतं, पण फोन वाजला की अजून शेठच उचलत. त्यांनी चष्मा वर केला, चिठ्ठी लांब धरून वाचली आणि अगदी मायेनं म्हणाले, "हे तं वाढलं ना भाऊ."

"हो. तुमीच सांगतलं फोनवर, वाढलं म्हणून. म्हणून तं वाशीमवरून पळत आलो. द्या ना मंग."

"अरे बेटा, वाढलं म्हणतो मी. आता काय देऊ?"

धीरजचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

जुना दुकानदार माल संपला म्हणत नाही, वाढला म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. हे काय धीरजला ठाऊक नव्हतं? घरात मिठाचा डबा रिकामा झाला की त्याची आई मीठ वाढलं असंच सांगते. जन्मभर ऐकलेला शब्द. पण सकाळपासून वाशीमची सगळी दुकानं पालथी घालून झाली होती, जिथं तिथं माना हललेल्या, आणि अशात फोनवर एक म्हातारा प्रेमानं वाढलं म्हणाला, ते ताटात वाढल्यासारखं ऐकू आलं. माणसाचा कान मोठा लबाड. हवं तेच ऐकतो मेला.

तिकडे वाशीमच्या दवाखान्यात त्याचा थोरला भाऊ दिनेश पडून होता. वांग्याच्या वाफ्यात गंजका खिळा पायात गेला. त्यानं वर हळद दाबली आणि भाजी घेऊन बाजार गाठला. आता सूज मांडीपर्यंत चढली होती. बाकीची औषधं लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी या एकाच इंजेक्शनचं नाव लिहिलं. संध्याकाळच्या आत आणा म्हणाले. नाही आणलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आवाज ऐकून पुनीत आतून आला. चिठ्ठी पाहिली आणि बापावर उखडला. "बाबा, कितीदा सांगतलं तुमाले! फोनवर सरळ नाई म्हणत जा!"

"गादीवर बसून नाई म्हणू? जिंदगीत गिऱ्हाईकाले नाई म्हटलं नाई म्या."

पुनीतनं पुढं वाद घातला नाही. त्यानं अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावला, औषधाचं नाव दोनदा सांगितलं, आणि धीरजकडे बघून मान डोलावली. "आहे. अकोल्याले आहे. तुमचा कोणी माणूस आहे का त्या बाजूले?"

माणूस होता ना! दिनेशचा दोस्त नरेंद्र सकाळीच मोटरसायकल काढून अकोल्याला निघाला होता. मेडशीच्या पुढं गेला असताना धीरजनंच त्याला फोन करून थांबवलं होतं. फिर माघारी, मंगरूळले भेटलं, असं मोठ्या आनंदानं सांगितलं होतं.

त्यानं नरेंद्रचा नंबर लावला.

"मी तं केव्हाचा आलो वापस," नरेंद्र म्हणाला. मागून रसवंतीचे घुंगरू ऐकू येत होते. "दवाखान्याच्या समोरच आहो. तुया मायले सांगून टाकलं भेटलं म्हणून. रडली बिचारी. तू कुठंसा पोहोचला?"

"नरू, तू अकोल्याले जाय. आत्ताच्या आत्ता."

"काहून? भेटलं ना?"

"जाय म्हटलं ना!" धीरज एवढ्यानं ओरडला की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटत होतं. त्यानं ठोक व्यापाऱ्याचा पत्ता सांगितला, फोन खाली घेतला आणि बाहेर पाहिलं. ऊन दुकानाच्या पायरीवरून उतरून पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं.

लखमीचंद शेठांनी पाण्याचा गिलास पुढं सरकवला.

फोन पुन्हा वाजला. आईचा होता.

"धीरज," सीताबाई म्हणाल्या, "येऊन राह्यला का रे बापू?"

"येऊन राह्यलो. दादा कसा आहे?"

मागं कोणीतरी पळत गेल्यासारखं वाजलं.

"आई, दादा कसा आहे?"

"उज्ज्वलाच्या बांगड्या वाढल्या रे," सीताबाई म्हणाल्या.

उज्ज्वला त्याची वहिनी. आता आई काही बांगड्या फुटल्या असं म्हणायची नाही. घाईगर्दीत खाटेच्या दांडीला लागून पिचल्या तरी त्या वाढल्याच, आणि नवरा गेल्यावर फोडल्या तरी वाढल्याच. दोन्हीला तिच्याजवळ एकच शब्द होता.

धीरजनं काउंटरची कड घट्ट धरली. या खेपेला त्याला हवं ते ऐकायचं नव्हतं.

"आई," त्यानं विचारलं, "एका हातच्या, का दोन्ही?"