मागची सीट

"मागं काय बी वाजंना," पुंजाराम मागच्या सीटवरून म्हणाले.

सुनीलनं रेडिओचा आवाज आणखी वाढवला. पुढच्या दोन्ही दारांतून एक बाई मोठ्यानं कांद्याचे भाव सांगू लागली. मागं गप्पच.

गाडी कोल्हारच्या त्यांच्या घरासमोर उभी होती. ती लग्नात सुनीलच्या बायकोच्या, पूजाच्या वडिलांनी दिलेली. फ्रीज, कपाट, भांडी टेम्पोतून राहात्याला परत गेली होती. वकिलाकडं काडीमोडाच्या कागदांवर दोघांच्या सह्या झाल्या होत्या. दीड वर्षाचा समर्थ आईजवळ राहणार, हेही ठरलं होतं. आता गाडी तेवढी राहिली होती. ती न्यायला पूजाचा भाऊ अमृत दुपारच्या आत येणार होता.

"दिली तशी परत गेली पायजे," पुंजारामांनी मुलाला बजावलं होतं. "मागून कुनी बोट दावायला नको." म्हणून सुनीलनं हौसेनं बसवलेली मोठी म्युझिक सिस्टीम सकाळीच काढली आणि माळ्यावर टाकलेला कंपनीचा रेडिओ पुसून पुन्हा जागेवर बसवला. रेडिओ लागलाही. मागचे दोन स्पीकर मात्र मुके.

"ते आवाज पुढं-मागं करायचं बटन आसतंय ना?"

"पाह्यलं, आण्णा. मधोमध आहे."

सुनीलनं रेडिओ परत ओढून बाहेर काढला. सिस्टीम बसवताना संगमनेरच्या दुकानात मागची वायर कापली असणार, असं त्याला वाटलं. त्या दुकानदाराला दोन शिव्या हासडत त्यानं मोबाईलच्या उजेडात आत पाहिलं. वायर कुठंच कापलेली नव्हती. त्यानं ती काढून पुन्हा घट्ट बसवली. फ्यूज बघितला. पुढची बाई कांद्यावरून टोमॅटोवर आली. मागं काही नाही.

"तुझी ती सिस्टीम तरी मागं वाजत हुती का?" पुंजारामांनी विचारलं.

"म्हणजे काय? कालपर्यंत दणक्यात वाजत होती."

"मागं वाजत हुती का, ते इचारतोय. तू कधी मागं बसलाय व्हय?"

या गाडीत सुनील मागं कधीच बसला नव्हता. समर्थ झाल्यापासून मागं पूजा बसायची, त्याला मांडीवर घेऊन.

तो खाली उतरला, डिकी उघडली आणि स्पीकरच्या फळीखाली वाकून पाहिलं.

दोन्हीकडच्या वायरी स्पीकरमधून काढलेल्या होत्या. ओढून तोडलेल्या नव्हत्या. नीट घडी घालून प्रत्येकीला केसांना लावायचा काळा रबर गुंडाळला होता, लोंबू नयेत म्हणून.

सुनील तसाच वाकून राहिला.

सिस्टीम बसवून संगमनेरहून येताना समर्थ दचकून उठला होता आणि रडायचा थांबेना, तेव्हा पूजा म्हणाली होती, "अहो, जरा कमी करा ना." तो म्हणाला होता, "होऊ दे की सवय." आणि आवाज अजून वाढवला होता, गमतीनं. त्यानंतरही ती काही वेळा म्हणाली. मग म्हणेनाशी झाली. पोरगंही मागं शांत झोपायला लागलं. सवय झाली, असं सुनीलला वाटलं होतं. मित्रांना त्यानं तसं सांगितलंही होतं, जरा कौतुकानंच.

"काय रं, सापडलं का?"

त्यानं रबर काढले. एक वायर लावली, मग दुसरी.

वायरी लावण्याआधी रेडिओचा आवाज कमी करायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. मागचे दोन्ही स्पीकर पुंजारामांच्या डोक्याशी एकदम फुटल्यासारखे वाजले. म्हातारा सीटवरून उडाला. दोन्ही कानांवर हात दाबून ओरडला, "आरं बंद कर! बंद कर ते!"

सुनीलनं धावत जाऊन रेडिओ बंद केला. पुंजाराम सावकाश खाली उतरले. दाराला धरून ते थोडा वेळ उभे राहिले.

"तुझ्या सिस्टीमचा ह्याच्यापरीस मोठा आवाज हुता?"

"हां."

"आन् तुला कळलं न्हाई, मागं बंद हाय म्हनून?"

सुनीलनं नाही म्हणून मान हलवली. पुंजाराम ओट्यावर जाऊन बसले.

अमृत एका मित्राच्या मोटारसायकलवरून आला. मित्राला त्यानं फाट्यावरूनच परत पाठवलं आणि चालत दारात आला. एरवी तो आल्या आल्या पुंजारामांच्या पाया पडायचा. आज लांबूनच हात जोडले.

"चहा घे," सुनील म्हणाला.

"नको. चावी द्या."

सुनीलनं चावी दिली. कागद गाडीतच असल्याचं सांगितलं. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, म्हणाला, "कंपनीचा रेडिओ परत बसवलाय. मागचे स्पीकर बंद होते, ते पण जोडलेत. वाजतात आता."

अमृतनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. गाडीच्या मागं गेला, डिकी उघडली. वाकला नाही, आत डोकावलाही नाही. उभ्या उभ्याच फळीखाली हात घातला आणि दोन्ही वायरी काढून टाकल्या.

"समर्थ मागं बसतो," तो डिकी लावत म्हणाला.

"तुला कसं ठाऊक, तिथं वायरी असतात ते?"

अमृत दार उघडून स्टेअरिंगपाशी बसला. गाडी चालू केली. आधी ओट्यावरच्या म्हाताऱ्याकडं पाहिलं, मग सुनीलकडं.

"मीच काढल्या हुत्या. जावळाला आलतो तवा," तो म्हणाला. "मी म्हनलं, दाजी चिडतील. तर ताई म्हनली, काढ तू, त्यांना कळायचं न्हाई."