पेलेल असं नाव

चुलीवर पातेलं एकच होतं आणि नावं ठेवायची होती दोन. आजी म्हणाली, "दोनदा नारळ कोण खवत बसणार? एकाच खिरीत उरकून टाकू."

पाच दिवसांचं बाळ आईच्या मांडीवर होतं. मुलगीच, पण चांगली टम्म, गुबगुबीत. शेजारी तिची आठ वर्षांची थोरली बहीण किनासिह, नुसती काडी, वर्षात तिसऱ्यांदा तापातून उठलेली. जावातल्या त्या गावात पोर सारखं आजारी पडायला लागलं की त्याचं नाव बदलतात. नाव जड झालं, पोराला पेलत नाही, म्हणतात. किनासिह म्हणजे लाडकी. लग्नानंतर अकरा वर्षांनी पाळणा हलला, तेव्हा बापानं हौसेनं ठेवलेलं. तिच्या पत्र्याच्या कपावरही त्यानंच लाल रंगानं लिहिलं होतं.

"मग आता माझं नाव काय?" तिनं कप पोटाशी धरून विचारलं.

"वागियेम," आजी म्हणाली. "वागे वाराला, बाजाराच्या दिवशी झालीस ना? गावात पाच वागियेम आहेत. कधी शिंकली नाही एकही."

"पण त्याचा अर्थ काय?"

"अर्थ कशाला हवा? अर्थानंच तर घात केला."

दुआ म्हणायला आलेल्या मोदीनकाकांनी दुआ म्हटली, शेजारणी आमीन म्हणाल्या. अर्धी गुळानं लाल केलेली, अर्धी नारळाच्या दुधाची पांढरी, अशी खीर केळीच्या पानांवर पडली. झालं, किनासिहची वागियेम झाली. काका बाळाकडे वळले. "आणि हिचं?"

"किनासिह," बाप म्हणाला.

"ते माझंय," वागियेम म्हणाली.

"होतं," आजीनं खीर वाढता वाढता सांगितलं. "एवढं चांगलं नाव वाया कशाला घालवायचं? ही चार किलोची आहे. हिला पेलेल."

बायका हसल्या. आई हसली नाही. तिनं वागियेमच्या हातातला कप काढून घेतला आणि बाळाच्या उशाशी ठेवला. वागियेमच्या पुढ्यातली खीर तशीच राहिली. एवढ्या बायकांसमोर रडायची तिला लाज वाटली.

पानं उचलली गेली. बाळाला चटईवर निजवून आई हात धुवायला उठली. "वागियेम, बाळाकडे बघ गं जरा." आई आपल्यालाच म्हणतेय हे पोरीला दुसऱ्या हाकेला कळलं.

ती सरकत बाळाजवळ गेली. त्याची मूठ हळूच हातात घेतली.

"बघा, किती माया," एक शेजारीण म्हणाली.

वागियेम खाली वाकली आणि तिनं बाळाच्या कानाला तोंड लावलं.

"किनासिह," ती म्हणाली, "लवकर आजारी पड."