कॅरियरवरचं वजन

नवऱ्याच्या सायकलची मोटर आपल्या लेडीज सायकलला बसवून घ्यायची, हा इंदुमतीबाईंचा हट्टच होता. चालवणाऱ्याच्या पायांची सवय मोटर शिकून घेते म्हणे. दत्तोपंतांचं तेवढंच काय ते मागे उरलं होतं.

नट आवळून झाल्यावर बशीर मिस्त्रीनं मोटरची आठवण मोबाइलवर उघडली.

"काकू, ही रोज शाळेच्या फाटकाशी थांबायची आणि पुढं दोघांचा जोर लावायची. काका डबलसीट कुणाला न्यायचे?"

"कुणाला नेणार? एकटेच जायचे."

"पण कॅरियरवर वजन आल्याशिवाय जोर वाढतच नाही. हे बघा, अठरा किलो. बिघाड असेल. पुसून टाकू सगळं?"

बाईंचा हात कॅरियरवर गेला. त्यांची लेक चिमी गेली, तेव्हा पहिलीत होती. असल्या मोटरी तेव्हा निघाल्याही नव्हत्या.

"नको रे. राहू दे."

परतताना शाळेच्या फाटकाशी सायकल आपोआप थांबली. इंदुमतीबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"बसलीस का गं? पाय लांब धर हं, चाकात जाईल."

मागचं चाक किंचित दबलं आणि मोटर दोघींचा जोर लावून चढाला लागली.