मागची सीट

“ऊठ अम्मी, सीट दे.”

अख्तरबानू हलली नाही. येरवड्यातल्या घराच्या ओट्यावर, विटांवर मांडलेल्या त्या मोटारीच्या सीटवर ती पाय पसरून बसली होती. समोर तिचा मुलगा करीम घामाघूम उभा. दुपारच्या आत गाडी शर्यतीच्या तपासणीला न्यायची होती, आणि ज्या गटात नाव दिलंय त्यात गाडी कंपनीतून आली तशीच लागते, हे करीमसाहेबांना कालच कळलं होतं. तशीच म्हणजे मागच्या सीटसकट.

“ईदेपासून मी इथं बसतेय,” अख्तरबानू म्हणाली. “आज बरी आठवण झाली.”

ती छोटी गाडी घरी आली तेव्हा काय कौतुक होतं तिचं! सीटांवर प्लॅस्टिक, मागच्या काचेपाशी अख्तरबानूनं विणलेला रुमाल, आणि सगळं घर आत कोंबून सिंहगडापर्यंत फेरी. मग करीमला शर्यतीचं वेड लागलं. आधी रुमाल गेला, मग पडदे, मग टेपरेकॉर्डर. दारांवर आकडे आले, पुढे दिव्यांची रांग आली. शेवटी वजन नको म्हणून सीटच काढली. गाडी हलकी झाली आणि घरातली माणसं रिक्षाला लागली.

अख्तरबानूला तर रिक्षाही नव्हती. कंबरेचं हाड मोडल्यापासून तिला रिक्षात चढताच येत नव्हतं. मांजरी गावात धाकटी बहीण मेहरुन वारली, त्या सकाळी ती बुरखा घालून दारात उभी राहिली. “पुढे बसव मला,” म्हणाली. तर पुढची सीट श्रीधरची म्हणे. शर्यतीत रस्ता सांगणारा तो, त्याच्या मापाचे पट्टे लावलेत, ते हलवायचे नाहीत. शिवाय त्या दिवशी सराव होता. बहिणीचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. ते तिनं माफ केलं नव्हतं आणि करणारही नव्हती.

“अम्मी, हात जोडतो. वर्षभर राबलोय या शर्यतीसाठी.”

“मग ने की. माझ्यासकट ने.”

“न्या ना अहो,” करीमची बायको बिलकिस दारातून म्हणाली. “वजन वाढेल तेवढंच.”

करीमनं खाऊ की गिळू असं तिच्याकडे पाहिलं. पण वेळ कुठं होता? त्यानं सीट आत ढकलली, आईला धरून वर बसवलं आणि गाडी हाणली.

मैदानावर गाड्यांची रांग होती. तपासनीस दीनानाथ चष्म्यावरून बघत एकेक गाडी निरखत होते. त्यांनी खिडकीतून आत डोकावलं.

“ही सीट कायम असते ना?”

“कायम, सर,” करीम हसून म्हणाला. “आईशिवाय आमची गाडी हलतच नाही.”

अख्तरबानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“जरा ओढून बघा साहेब,” ती म्हणाली. “वाटभर मी सीटसकट घसरत आलेय.”

दीनानाथांनी आत हात घालून ओढलं. सीट म्हातारीसकट पुढे आली.

“बोल्ट कुठायत?”

 बोल्ट करीमनं कधीच भंगारात टाकले होते. ही सीट पुन्हा लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

“वा! आई तेवढी मूळची दिसतेय,” दीनानाथ म्हणाले. “गाडी बाद. घ्या बाजूला. मागच्यांना येऊ द्या.”

श्रीधर तिथंच वाट बघत थांबला होता. त्यानं काखेतलं हेल्मेट पुढच्या सीटवर आदळलं आणि चालता झाला. करीमनं स्टिअरिंगवर मूठ आपटली.

“झालं समाधान? आई नाहीस तू, वैरीण आहेस माझी!”

“असेन. मांजरीला घे गाडी. मेहरुनच्या घरी.”

 दात-ओठ खात करीमनं ॲक्सिलरेटर असा दाबला की गाडी उसळली आणि सीट धाडकन मागे गेली. अख्तरबानूनं दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

“हळू चालव,” ती म्हणाली. “आता कसली घाई?”