बिनठोक्याची छाती

सावंतवाडी स्टेशनच्या बाकावर भालचंद्र केसरकर छाती चाचपत बसले होते. आत नेहमीचीच मंद घरघर होती. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं थकलेलं हृदय काढून तिथे पंप बसवला होता. नळाच्या धारेसारखं तो रक्त सलग पुढे ढकलायचा. ठोका नाही, नाडी नाही, रक्तदाबही सदा एकच.

"शर्वरी येतेय आणि मला काहीच होत नाहीये," ते बायकोला म्हणाले. "पूर्वी तिचा नुसता फोन आला तरी धडधडायचं."

"पंप कसा धडधडेल?" नलिनीताई म्हणाल्या.

"ते कळतं गं. पण मग मला आनंद झालाय की नाही, हे ओळखायचं कशावरून? की अजून रागच आहे माझ्या मनात?"

नलिनीताई रुळांकडे बघू लागल्या. लग्नावरून भांडून गेलेली त्यांची लेक कित्येक वर्षांनी घरी येत होती.

गाडी आली. शर्वरी उतरली, पण जवळ यायचं धाडस तिला होईना. केसरकर गोंधळून उभे राहिले. मग त्यांनी नुसता हात पुढे केला. तिनं तो धरला आणि ती दचकली.

"बाबा, केवढा गार पडलाय हात! आणि थरथरतोय का असा?"

"थरथरतोय?" केसरकरांनी विचारलं. "नीट बघ. खरंच?"

"खरंच, बाबा."

ते बायकोकडे वळले. त्यांचा आवाज अख्ख्या फलाटावर ऐकू गेला.

"अगं, ऐकलंस का? थरथरतोय!"