माओरी गावातला हेल

१९६४ साली मैना नवऱ्यासोबत न्यूझीलंडला होती. सुखदेवला सरकारनं दुग्धव्यवसाय शिकायला पाठवलं होतं. तिथंच अकोटहून मैनाची आई गेल्याची तार आली. बोटीचा प्रवास महिन्याचा. भाड्याच्या खोलीत मोठ्यानं रडायचीही चोरी. सुट्टीत दोघं तिथल्या मूळच्या माओरींचं गाव पाहायला गेली. वेशीत हेनी नावाच्या म्हातारीनं हेल काढला. कुणीतरी मेलं, असं समजून मैना वऱ्हाडच्या रीतीनं धावली आणि म्हातारीच्या गळ्यात पडून "माय वं!" म्हणत रडली. "अवं येडे, मेलं नाई कोनी! पावन्याइले बोलावून राहिली थे!" सुखदेव ओशाळला. हेनीनं त्याला हातानंच गप्प केलं, मैनाच्या नाकाला नाक टेकवलं, आणि तीही रडली. परतल्यावर सुखदेव अमरावतीला साहेब झाला, तिथंच वारला. हेनीचं पुढं कळलं नाही. आईच्या मयतीला कोण होतं विचारलं, की मैनाबाई आधी हेनीमायचं नाव घेतात.