मधले दार

मंगळवार, सकाळी साडेदहा. बंदराच्या जुन्या धक्क्यासमोर भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या चौदा घरांपैकी सहाव्या घरात, मधल्या दाराचा निकाल लावण्यासाठी तीन माणसे जमली होती. दाराच्या अलीकडे वारसा खात्याच्या निरीक्षक बाई, हातात यादी घेऊन. त्यांच्या शेजारी घरातला म्हातारा सुतार, रिकाम्या हातांनी. आणि दाराच्या पलीकडे, चाकांच्या खुर्चीत, त्याची बायको. खुर्ची बाहेर यायला दार दोन बोटे कमी पडत होते. आठ महिने कमी पडत होते. वीस पावलांवरचा समुद्र तिला आता बोटींच्या भोंग्यापुरताच उरला होता.

"काका, तुमचा अर्ज मी तीनदा वाचला," बाई थकल्या सुरात म्हणाल्या. "पण यादीत स्पष्ट लिहिलंय. मधलं दार, चौकटीसह मूळ, दीडशे वर्षांपूर्वीचं, अवस्था उत्तम. मूळ चौकट काढायची परवानगी मला देताच येत नाही."

"मूळ नाहीये ती."

"या ओळीत सगळे हेच सांगतात. चौथ्या घरातले तर म्हणाले, अख्खा जिनाच मूळ नाही."

"त्यांचं मला माहीत नाही. ही चौकट मी केलीय. जुनी वाळवीनं खाल्ली, घरमालक म्हणाले हुबेहूब कर. केली. चाळीस वर्षं झाली."

"मग यादी झाली तेव्हा बोलला का नाहीत?"

उत्तर आतून, बायकोकडून आले.

"कसे बोलतील? तेव्हाच्या साहेबांनी चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, असे कारागीर आता जन्माला येत नाहीत. हे मागे उभे. आठ दिवस आमटीला नावं ठेवली नाहीत यांनी."

"तू गप्प बस जरा."

"बसलेलीच आहे."

बाईंनी हसू आवरले. "पावती? एखादा फोटो? काहीतरी पुरावा लागेल, काका."

पावती नव्हती, फोटो नव्हता. पुरावा होता, आणि तो कोठे आहे हे जगात एकट्या सुतारालाच ठाऊक होते. तो आत जाऊन पटाशी आणि हातोडी घेऊन आला, स्टूल ओढले आणि गुडघ्याला हाताचा आधार देत त्यावर चढला.

"थांबा. फोडल्यावर ती मूळ निघाली तर मला तुमच्यावर तक्रार करावी लागेल."

"करा."

डावीकडचा वरचा सांधा. लाकडी खुंटी सहजासहजी निघेना. ज्याने ठोकली होती त्याने ती निघण्यासाठी ठोकलीच नव्हती. सुतार दमून गेला. दोनदा तो खाली उतरला, दोनदा पाणी प्याला. खुंटी निघाली तरी सांधा उघडेना, तेव्हा त्याने पटाशी कोपऱ्यावर टेकवली, डोळे मिटले आणि घाव घातला. जाड कपची निघून खाली पडली. आत, उभ्या लाकडाच्या खाचेत, आडव्या लाकडाचे टोक एक सूत, इंचाचा जेमतेम आठवा भाग, ढिले बसले होते. आणि ती फट बुजवण्यासाठी घडी घालून कोंबलेला वर्तमानपत्राचा तुकडा तिथे अजून होता.

त्याने तो नखांनी ओढून काढला आणि बाईंकडे न पाहता त्यांच्या हातात दिला.

बाईंनी घडी उलगडली. पिवळ्या कागदावर रंगीत टीव्हीची अर्धी जाहिरात होती.

"दीडशे वर्षांपूर्वी हा नसावा," त्या म्हणाल्या. यादीतल्या 'मूळ' या शब्दावर त्यांनी रेघ मारली, शेजारी सही केली. "चौकट आजच काढलीत तरी माझी हरकत नाही." जाता जाता त्यांचा हात सवयीने चौकटीकडे गेला, त्यांनी तो मागे घेतला.

सुतार स्टुलावरून उतरला आणि त्यावरच बसला. बायकोने मान उंचावून फुटलेला कोपरा नीट पाहिला.

"म्हणजे सांधा ढिला होता."

"एक सूत."

"आणि मला चाळीस वर्षं ऐकवत आलात, या दाराच्या सांध्यात सुईसुद्धा जायची नाही."

"सुई जात नव्हतीच. कागद होता ना."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. सुतार उठला, करवत घेऊन आला आणि चौकटीपाशी उभा राहिला. कुठून सुरुवात करावी हे त्याला ठरवता येईना. त्याने बायकोकडे पाहिले. तिने दार वरपासून खालपर्यंत एकदा डोळ्यांखालून घातले.

"काम चांगलं होतं," ती म्हणाली. "दार अरुंद होतं."